अडीच लाख डॉलरची मर्यादा: कॅलिफोर्नियाच्या ‘मायक्रा’ कायद्याचा प्रकरण अभ्यास

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत कलम ३३३३.२ आहे. डॉक्टर किंवा रुग्णालयाच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली, तर वेदना, मनस्ताप, विद्रूपता, शारीरिक अपंगत्व अशा पैशात न मोजता येणाऱ्या नुकसानीसाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर मिळतील, असे हे कलम १९७५ पासून सांगत होते. पुढची ४७ वर्षे हा आकडा बदलला नाही. कायद्यातला शब्दही बदलला नाही, तरी कायद्याचा अर्थ दरवर्षी थोडाथोडा बदलत गेला, कारण डॉलरची किंमत घसरत होती. या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

अमेरिकेत इजेच्या दिवाणी दाव्यांचे नियम मुख्यतः राज्ये ठरवतात. त्यामुळे ‘टॉर्ट रिफॉर्म’ची, म्हणजे असे दावे आणि त्यांतली भरपाई आवळण्याची, लढाई पन्नास राज्यांच्या विधिमंडळांत वेगवेगळी लढली जाते. त्यात कॅलिफोर्नियाचा ‘मेडिकल इंज्युरी कॉम्पेन्सेशन रिफॉर्म ॲक्ट’, म्हणजेच ‘मायक्रा’, सगळ्यांत जास्त नक्कल झालेला नमुना. टेक्सासने २००३ मध्ये डॉक्टरांसाठी मर्यादा घातली तेव्हा आकडा हाच उचलला, २,५०,००० डॉलर. तोही महागाईशी न जोडता.

१९७५: संकट आणि पाच कलमी उत्तर

१९७५ च्या सुरुवातीला उत्तर कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांना विमा कंपन्यांकडून पत्रे येऊ लागली. व्यावसायिक दायित्व विम्याचा हप्ता काही पटींनी वाढणार होता आणि अनेकांच्या पॉलिसीचे नूतनीकरणच होणार नव्हते. मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या भूलतज्ज्ञांनी काम थांबवले. भूलतज्ज्ञ नाही म्हणजे शस्त्रक्रिया नाही, तेव्हा तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याच महिन्यात विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले. असेंब्ली सदस्य बॅरी कीन यांचे विधेयक सप्टेंबरमध्ये कायदा झाले.

मायक्रा म्हणजे फक्त मर्यादा, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तो पाच भागांचा संच होता आणि हे भाग एकमेकांत अडकवलेले होते. बिगर-आर्थिक भरपाईची मर्यादा हा पहिला भाग. औषधोपचार, पुढची शुश्रूषा, बुडालेली कमाई या आर्थिक नुकसानीला कोणतीही मर्यादा नव्हती आणि आजही नाही. दुसरा भाग वकिलाच्या फीचा. तिथे उतरती पायरी ठरवून दिली. १९८७ च्या दुरुस्तीनंतर ती अशी होती: खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतल्या पहिल्या ५०,००० डॉलरवर ४० टक्के, पुढच्या ५०,००० वर ३३⅓ टक्के, पुढच्या ५,००,००० वर २५ टक्के आणि ६,००,००० च्या वर १५ टक्के. तिसरा भाग: रुग्णाला आरोग्य विम्यातून किंवा तत्सम ठिकाणाहून पैसे मिळाले असतील, तर प्रतिवादी ते ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, मांडू शकतो. इजेच्या इतर दाव्यांत ही माहिती ज्युरीला दिली जात नाही. चौथा: भविष्यातल्या नुकसानीची रक्कम ५०,००० डॉलर किंवा जास्त असेल, तर कोणत्याही एका पक्षाच्या मागणीवरून ती एकरकमी न देता हप्त्यांनी द्यायची. पाचवा भाग मुदतीचा. इजेपासून ३ वर्षे किंवा निष्काळजीपणा कळल्यापासून (किंवा कळायला हवा होता तेव्हापासून) १ वर्ष, यांतली जी आधी संपेल ती.

पाचव्या भागात माणसे सर्वाधिक फसतात, म्हणून तिथे थोडे थांबू. ‘जी आधी संपेल ती’ हे शब्द नीट न वाचणारा माणूस ३ वर्षे आहेत असे धरून बसतो. शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरने “पहिल्यांनी हे करायला नको होते” असे म्हटले, की वर्षाचे घड्याळ तिथून सुरू होते. तीन वर्षांची बाहेरची हद्द तीनच कारणांनी थांबते: फसवणूक, जाणूनबुजून लपवणूक, आणि उपचाराशी संबंध नसलेली वस्तू शरीरात राहणे, उदाहरणार्थ पोटात विसरलेला स्पंज. ६ वर्षांखालच्या मुलासाठी ३ वर्षे किंवा आठवा वाढदिवस, यांत जे उशिरा येईल ते धरतात. दावा दाखल करण्यापूर्वी ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदतीच्या शेवटच्या ९० दिवसांत दिली, तर मुदत तेवढी वाढते. काउंटीचे (जिल्ह्याचे) सरकारी रुग्णालय असेल, तर याच्याही आधी ६ महिन्यांच्या आत त्या सार्वजनिक संस्थेकडे लेखी दावा करावा लागतो. तो चुकला की पुढचे सगळे नियम निरर्थक ठरतात.

न्यायालयाची कसोटी

१९८४-८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मायक्राचे मुख्य भाग एकेक करून तपासले आणि ते घटनेत बसतात असा निकाल दिला. मर्यादेचा निकाल ‘फाइन विरुद्ध परमनंटे मेडिकल ग्रुप’ या १९८५ च्या खटल्यात लागला. वस्तुस्थिती १९७६ ची. छातीत दुखते म्हणून आलेल्या ३४ वर्षांच्या वकिलाला स्नायूंचा पेटका आहे असे सांगून घरी पाठवले गेले. प्रत्यक्षात तो हृदयविकार होता. ज्युरीने खटल्यापर्यंत बुडालेल्या पगाराचे २४,७३३ डॉलर, पुढच्या उपचारांचे ६३,०००, आयुर्मान घटल्यामुळे बुडणाऱ्या भावी कमाईचे ७,००,००० आणि बिगर-आर्थिक नुकसानीचे ५,००,००० डॉलर ठरवले. मर्यादेमुळे शेवटचा आकडा निम्मा झाला.

न्यायालयाचे बहुमत म्हणाले की विम्याचा खर्च आटोक्यात ठेवणे हा विधिमंडळाचा वैध हेतू आहे. वेदनेच्या भरपाईत एका ज्युरीचा आकडा दुसरीशी जुळत नाही, म्हणून नेमक्या त्या भागावर बंधन घालणे तर्कसंगत आहे. या तर्कात दम आहे. पण त्या निकालातले आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ७,००,००० डॉलरच्या भावी पगाराला मर्यादेने हात लावला नाही. हीच इजा पगार नसलेल्या माणसाला झाली असती, तर तो रकाना रिकामा राहिला असता आणि ज्या एका रकान्यात त्याचे नुकसान दिसू शकते, त्यालाच कात्री लागली असती. लहान मुले, गृहिणी, निवृत्त माणसे, आधीपासून अपंग असलेले लोक या सगळ्यांची स्थिती अशीच. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरात, मुलांकडे राहायला गेलेले मराठी आईवडीलही याच गटात येतात.

एका दाव्याचे गणित

मर्यादा प्रत्यक्षात काय करते हे कळण्यासाठी एक काल्पनिक दावा घेऊ. ६८ वर्षांची निवृत्त स्त्री. शस्त्रक्रियेनंतर पायाचा रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणे सर्जनने दुर्लक्षित केली, रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी रात्रभर तपासणीच्या नोंदी केल्या नाहीत, आणि पाय गुडघ्यावरून कापावा लागला. ज्युरीने उपचार आणि पुढची शुश्रूषा यांचे ३,००,००० डॉलर आणि बिगर-आर्थिक नुकसानीचे १२,००,००० डॉलर ठरवले. दोषाची वाटणी सर्जन ६० टक्के, रुग्णालय ४० टक्के. तज्ज्ञ साक्षीदार, शपथेवरच्या जबान्या, नोंदी, आराखडे यांचा खर्च १,००,००० डॉलर. वैद्यकीय दाव्यात हा आकडा अवास्तव नाही. प्रत्येक शाखेसाठी वेगळा तज्ज्ञ लागतो. काय करायला हवे होते हे सांगणारा एक, ते केले असते तर पाय वाचला असता हे सांगणारा दुसरा, आणि पुढच्या शुश्रूषेची किंमत काढणारा तिसरा.

जुन्या कायद्याने हिशेब असा होतो. न्यायाधीश १२,००,००० चे २,५०,००० करतो, मग प्रतिवादी कितीही असोत. एकूण ५,५०,०००. खर्च वजा केला की ४,५०,०००. त्यावर फी: २०,००० अधिक १६,६६७ अधिक ८७,५००, म्हणजे १,२४,१६७. रुग्णाच्या हातात ३,२५,८३३. त्यातले ३,००,००० उपचार आणि शुश्रूषेचे. उरले २५,८३३ डॉलर. बारा नागरिकांनी शपथेवर बसून, पुरावा ऐकून एका पायाची किंमत १२,००,००० ठरवली आणि त्या बाईच्या वाट्याला त्यातले पंचवीस हजार आले.

दुसरा परिणाम न्यायालयात दिसतच नाही. वरच्या दाव्यात वकिलाने एक लाख डॉलर स्वतःच्या खिशातून घालून दोन-तीन वर्षे काम केले आणि जिंकल्यावर सव्वा लाख कमावले. हरला असता तर खर्चही गेला असता, कारण यश मिळाले तरच फी, अशी पद्धत आहे. म्हणून वकील पहिल्याच भेटीत विचारतो: पगार किती होता? उत्तर ‘काही नाही’ असे आले आणि पुढचा शुश्रूषेचा खर्च मोठा नसला, तर खरा निष्काळजीपणा असूनही तो दावा घेत नाही. मृत बालकाच्या प्रकरणात हे सर्वांत क्रूरपणे घडते. बालक गेल्यावर पुढचा उपचार नाही, कमाईचा पुरावा नाही, उरते फक्त आईवडिलांचे दुःख. आणि मृत्यूच्या दाव्यात सगळ्या वारसांना मिळून एकच मर्यादा लागू होते.

रँड या संशोधन संस्थेने १९९५ ते १९९९ मधले रुग्णाच्या बाजूने लागलेले २५७ ज्युरी-निकाल तपासून २००४ मध्ये अहवाल दिला. ४५ टक्के निकालांत मर्यादेमुळे रक्कम कापली गेली होती. मृत्यूच्या दाव्यांत हे प्रमाण ५८ टक्के, इजेच्या दाव्यांत ४१. प्रतिवादींचे दायित्व मायक्रामुळे एकूण ३० टक्क्यांनी घटले, वकिलांची फी ६० टक्क्यांनी, रुग्णांच्या हातातली रक्कम १५ टक्क्यांनी. फीची उतरती पायरी नसती तर रुग्णांचे नुकसान बरेच जास्त झाले असते, हे या आकड्यांतून दिसते. मात्र हे कोर्टापर्यंत पोचलेल्या आणि जिंकलेल्या दाव्यांचे चित्र आहे. वकिलाच्या दारातून परतलेली माणसे त्यात नाहीत.

चूक कुठे झाली

१९७५ चे २,५०,००० डॉलर ही लहान रक्कम नव्हती. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने मोजले तर २०२२ मध्ये ती साधारण साडेतेरा लाख डॉलर होते. उलट मोजले तर २०२२ चे २,५०,००० म्हणजे १९७५ चे सुमारे ४६,०००. विधिमंडळाने पाचपट कपात करायचे कधी ठरवले नाही, त्यावर कधी मतदान झाले नाही. वर्षे उलटत गेली आणि कपात आपोआप होत गेली. दुसरीकडे तज्ज्ञांचे मानधन, उपचारांचा खर्च, पगार हे सगळे महागाईबरोबर वाढत राहिले. दावा लढवण्याचा खर्च वाढता आणि भरपाईचा एक रकाना गोठलेला, अशी ही कात्री होती.

आपल्याकडे हाच दोष वेगळ्या कायद्यात होता. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत १९९४ मध्ये न कमावत्या व्यक्तीचे कल्पित उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले गेले आणि ते दोन दशकांहून अधिक काळ तसेच राहिले. २०१३ च्या पुट्टम्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाला त्यावर कडक शब्दांत बोलावे लागले. २०१८ मध्ये नवी अनुसूची आली तेव्हा रकमेत दरवर्षी ५ टक्के वाढ लिहिली गेली. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने अंत्यविधी, संपत्तीची हानी, सहवासाची हानी यांच्या ठरावीक रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतील असे सांगितले. पुण्या-नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम करणाऱ्याला हा हिशेब पाठ असतो. कॅलिफोर्नियाला अशी एक ओळ लिहायला ४७ वर्षे लागली.

दोन प्रयत्न: एक फसला, एक जमला

४ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘प्रपोझिशन ४६’, म्हणजे थेट लोकांच्या मतदानाने ठरणारा कायद्याचा प्रस्ताव, मतदारांपुढे आला. मर्यादा महागाईप्रमाणे सुमारे ११ लाख डॉलरवर नेणे आणि पुढे निर्देशांकाशी जोडणे, ही त्यातली मूळ मागणी. पण सोबत आणखी दोन गोष्टी बांधल्या होत्या: रुग्णालयातल्या डॉक्टरांची अमली पदार्थ आणि दारूसाठी चाचणी, आणि काही औषधे लिहिण्याआधी राज्याच्या नोंदसंचात रुग्णाचा इतिहास तपासण्याची सक्ती. लोकांना चाचणीची कल्पना आवडेल आणि तिच्या पाठीवर मर्यादा पार होईल, असा हिशेब उघड दिसत होता. विरोधकांनी तोच उलटवला आणि सगळा प्रस्ताव वकिलांची चाल म्हणून रंगवला. जवळपास ६७ टक्के मते विरोधात गेली. आमच्या मते मर्यादेचा प्रश्न एकटा आणि स्वच्छ मांडला असता तरी लढत कठीणच होती, पण ही बांधाबांध नक्कीच घातक ठरली.

दुसरा प्रस्ताव नोव्हेंबर २०२२ च्या मतपत्रिकेसाठी पात्र ठरला. तो अधिक आक्रमक होता: गंभीर, कायमच्या इजा आणि मृत्यू यांत मर्यादा ओलांडण्याची मुभा आणि बाकीच्यांत महागाईची वाढ. तो मंजूर झाला असता तर डॉक्टर, रुग्णालये आणि विमा संस्थांच्या हातून सगळेच गेले असते. फेटाळला गेला असता तर रुग्णांच्या बाजूला आणखी दहा वर्षे थांबावे लागले असते. दोघांनाही हरण्याची भीती समान वाटली, तेव्हा टेबलावर बसणे शक्य झाले. एप्रिल २०२२ मध्ये तडजोड जाहीर झाली, असेंब्ली विधेयक ३५ विधिमंडळाने काही आठवड्यांत मंजूर केले, २३ मे २०२२ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सही केली आणि मतपत्रिकेवरचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

नवा हिशेब

१ जानेवारी २०२३ पासून दाखल होणाऱ्या दाव्यांना (किंवा मागितलेल्या लवादांना) नवे आकडे लागू आहेत. इजेसाठी सुरुवात ३,५०,००० डॉलर आणि दर १ जानेवारीला ४०,००० ची वाढ. मृत्यूसाठी सुरुवात ५,००,००० आणि दरवर्षी ५०,००० ची वाढ.

| वर्ष | इजा (डॉलर) | मृत्यू (डॉलर) |
|---|---|---|
| २०२३ | ३,५०,००० | ५,००,००० |
| २०२६ | ४,७०,००० | ६,५०,००० |
| २०२९ | ५,९०,००० | ८,००,००० |
| २०३३ | ७,५०,००० | १०,००,००० |

कोणत्या वर्षाचा आकडा लागणार, हे इजेच्या किंवा दाखल करण्याच्या तारखेवर ठरत नाही. निकाल, लवादाचा निवाडा किंवा तडजोड ज्या दिवशी होते, त्या दिवसाचा आकडा धरायचा. डिसेंबरच्या मध्यावर तडजोडीच्या टेबलावर बसलेल्या दोन्ही बाजूंना हे ठाऊक असते. दोन आठवडे थांबले की मर्यादा ४०,००० ने वर जाते.

त्याहून मोठा बदल मर्यादांच्या संख्येत आहे. पूर्वी प्रतिवादी एक असो की सात, मर्यादा एकच. आता तीन स्वतंत्र गट आहेत. पहिला, वैयक्तिक आरोग्यसेवक, कितीही असले तरी मिळून एक मर्यादा. दुसरा, आरोग्य संस्था, कितीही असल्या तरी मिळून एक. तिसरा, पहिल्या दोघांशी संलग्न नसलेल्या संस्थेत किंवा तिथे नेताना झालेली, वेगळी आणि स्वतंत्र चूक. उदाहरणार्थ, एका रुग्णालयात चूक झाली, रुग्णाला दुसऱ्या असंलग्न रुग्णालयात हलवले आणि तिथे नवी चूक घडली. एकच प्रतिवादी दोन गटांत मोजला जात नाही.

म्हणूनच दाव्याच्या मांडणीत आता सगळा जोर संस्थेच्या स्वतःच्या चुकीवर येतो: अपुरे कर्मचारी, न पाळलेली कार्यपद्धती, वर न कळवलेली लक्षणे. तिसऱ्या गटासाठी संलग्नतेचे करार, मालकी, कर्मचारी कोणाच्या वेतनावर आहेत याची कागदपत्रे सुरुवातीलाच मागवावी लागतात. एकाच मोठ्या समूहाची दोन रुग्णालये निघाली तर तिसरा गट कोसळतो.

वरच्याच बाईचा दावा २०२६ मध्ये निकाली निघाला असे धरू. कॅलिफोर्नियात १९८६ च्या प्रपोझिशन ५१ पासून बिगर-आर्थिक भरपाईत प्रत्येक प्रतिवादी फक्त स्वतःच्या दोषाच्या वाट्याला बांधील असतो. सर्जनचा वाटा ७,२०,०००, रुग्णालयाचा ४,८०,०००. दोन्ही ४,७०,००० च्या वर, म्हणून प्रत्येकी ४,७०,०००, मिळून ९,४०,०००. आर्थिक ३,००,००० धरून १२,४०,०००, खर्च वजा ११,४०,०००. फी आता ३३ टक्के, म्हणजे ३,७६,२००. रुग्णाच्या हातात ७,६३,८००, उपचार-शुश्रूषा वगळता ४,६३,८००. रुग्णालयाची स्वतंत्र चूक सिद्ध झाली नाही आणि एकटा सर्जन दोषी ठरला, तर हेच गणित १,४८,९०० वर येते. एका पुराव्याच्या बळावर तीन लाखांचा फरक पडतो. रुग्णाचा स्वतःचा काही दोष ठरला, तर तो ज्युरीच्या पूर्ण आकड्यातून आधी वजा होतो आणि मर्यादा नंतर लागते. उलट क्रमाने हिशेब केला तर रुग्णाचे विनाकारण नुकसान होते, म्हणून निकालपत्राचा मसुदा इथे नीट तपासावा लागतो.

फीतला बदल तडजोडीची दुसरी बाजू आहे. उतरती पायरी गेली. दावा दाखल होण्याआधी तडजोड झाली तर २५ टक्के, दाखल झाल्यावर ३३ टक्के, आणि खटला शेवटपर्यंत चालला तर योग्य कारण दाखवून न्यायालयाकडे जास्त मागता येते. छोट्या दाव्यात, दाखल करण्याआधीच मिटले तर रुग्णाचा फायदा आहे: ८०,००० च्या निव्वळ रकमेवर जुनी फी ३०,००० होती, आता २०,०००. मोठ्या दाव्यात चित्र उलटे. २०,००,००० च्या निव्वळ रकमेवर जुनी फी ३,७१,६६७ होती, दाखल झालेल्या दाव्यात आता ६,६०,०००. मेंदूला इजा झालेल्या बाळाच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचे पैसे याच रकमेत असतात, तेव्हा हा बदल बोचतो. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की जे दावे कोणीच घेत नव्हते ते आता घेतले जाण्याची शक्यता वाढली. हप्त्यांनी देण्याची किमान रक्कम ५०,००० वरून २,५०,००० झाली. शिवाय, खटल्याआधी डॉक्टरने व्यक्त केलेली दिलगिरी, अगदी चूक कबूल करणारे शब्दसुद्धा, आता त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. दवाखान्यात कोणीतरी खरे बोलेल, यासाठी ही तरतूद कामाची आहे.

मर्यादेमुळे विम्याचे हप्ते खरोखर उतरले का, हा वाद अजून मिटलेला नाही. मायक्राचे समर्थक कॅलिफोर्नियाचे हप्ते इतर राज्यांपेक्षा सावकाश वाढले हे दाखवतात. विरोधक म्हणतात की खरा फरक १९८८ च्या प्रपोझिशन १०३ नंतर पडला, ज्याने दरवाढीला राज्याची पूर्वपरवानगी सक्तीची केली. दोन्ही कायदे एकाच राज्यात एकावर एक आले, त्यामुळे त्यांचे परिणाम वेगळे काढणे अवघड आहे.

राहिला २०३४ नंतरचा प्रश्न. १ जानेवारी २०३४ पासून दोन्ही आकडे दरवर्षी २ टक्क्यांनी वाढतील. हा दर ठरावीक आहे, किंमत निर्देशांकाशी जोडलेला नाही. महागाई २ टक्के राहिली तर मर्यादा जागच्या जागी राहील. ती ४ टक्के राहिली, तर वीस वर्षांत मर्यादेची खरी किंमत जवळपास एक तृतीयांश घटेल. आणि ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत दाखल झालेले दावे आजही २,५०,००० वरच तोलले जातात. मुदत संपत आलेली असताना शेवटच्या ९० दिवसांत नोटीस देऊन ज्यांना दाखल करण्याची तारीख जानेवारी २०२३ मध्ये ढकलता आली, त्यांच्यासाठी दोन-चार आठवड्यांच्या अंतराने मर्यादा बदलली. ज्यांची मुदत त्याआधीच संपत होती किंवा ज्यांना नोटिशीचा हा नियम कोणी सांगितला नाही, त्यांच्या दाव्यात १९७५ चाच आकडा लागू आहे.